माणूस कसा आहे, आणि म्हणून राज्य कसं असावं? हॉब्ज ते मॅडिसन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यघटनेतलं कलम वाचायला रुक्ष असतं, पण त्याच्या मुळाशी माणसाविषयीचं एखादं ठाम मत असतं. कर बसवायला लोकप्रतिनिधींची संमती का लागते? न्यायाधीशाला सहजासहजी काढता का येत नाही? एकाच्या हाती सगळी सत्ता का देत नाहीत? १६व्या ते १८व्या शतकातल्या युरोपात हे प्रश्न माणसाच्या स्वभावापासून सुरुवात करून सोडवले गेले. या सगळ्या वादात मला एक प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो: माणसाच्या स्वभावाबद्दल आपण जे म्हणतो, ते राजालाही लागू करायचं की नाही? पुढची उत्तरं वाचताना तो मनात ठेवावा.

राज्याचा विचार करताना हे तत्त्वज्ञ माणसाच्या स्वभावापासूनच का सुरुवात करतात?

कारण आधीची उत्तरं चालेनाशी झाली होती. राजाला देवाने नेमलंय, असं म्हणायची पद्धत होती. इंग्लंडात रॉबर्ट फिल्मरने तर राजाची सत्ता थेट आदमच्या पितृत्वापर्यंत नेऊन भिडवली. पण ख्रिस्ती धर्मातच फूट पडल्यावर देवाच्या वतीने बोलणार कोण? फ्रान्समध्ये १५६२ ते १५९८ धर्मयुद्धं चालली. जर्मन प्रदेश १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं होरपळले. इंग्लंडमध्ये ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्स राजाचा प्रजेनेच शिरच्छेद केला.

अशा वेळी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही मान्य होईल असा पाया हवा होता. माणसाला काय हवं असतं, तो कशाला भितो, तो कसा विचार करतो, यावर सहमती शक्य वाटत होती. त्यातच गॅलिलिओच्या विज्ञानाची आणि भूमितीची छाप होती. काही मोजकी गृहीतकं घ्यायची आणि त्यांतून राज्य सिद्ध करून दाखवायचं, असा हा उत्साह होता.

मॅकियाव्हेलीपासून सुरुवात करायची का?

करायला हरकत नाही, पण त्याची पद्धत वेगळी आहे. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकात तो मोठ्या हुद्द्यावर होता. १५१२ मध्ये शहरावर आधी सत्ता गाजवणारं मेदिची घराणं परतलं, त्याची नोकरी गेली, पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याचा छळही झाला. त्यानंतर १५१३ मध्ये लिहिलेलं ‘द प्रिन्स’ त्याच्या मृत्यूनंतर, १५३२ मध्ये छापलं गेलं. माणसं कृतघ्न, चंचल आणि लोभी असतात, म्हणून राजाने प्रेमापेक्षा भीतीवर भिस्त ठेवावी, हा त्यातला सल्ला सर्वांना ठाऊक असतो.

प्रजासत्ताकांवरच्या त्याच्या दुसऱ्या ग्रंथात त्याने मांडलेलं सूत्र मात्र पुढच्या इतिहासासाठी जास्त महत्त्वाचं आहे. कायदे करणाराने सगळी माणसं वाईट आहेत असं धरूनच चालावं, असं तो तिथे म्हणतो. इथे रोख फक्त प्रजेकडे नाही. संधी मिळाली की सरदारही तसेच वागतात, हे त्याला दाखवायचं आहे.

हॉब्जच्या मते माणूस मुळातच दुष्ट आहे का?

नाही. परीक्षेच्या उत्तरांत हे वाक्य हमखास सापडतं आणि ते चुकीचं आहे.

टॉमस हॉब्जचा जन्म १५८८ चा, स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून येत होतं त्या वर्षीचा. आपण आणि भीती जुळी भावंडं म्हणून जन्मलो, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाची चाहूल लागताच १६४० मध्ये तो पॅरिसला गेला आणि अकरा वर्षं तिथे राहिला. त्याचं मुख्य पुस्तक ‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यातला युक्तिवाद माणसांच्या समानतेपासून सुरू होतो. सगळ्यांत दुबळा माणूसही युक्तीने किंवा इतरांशी संगनमत करून सगळ्यांत बलवानाचा जीव घेऊ शकतो. म्हणजे निसर्गतः कोणीच सुरक्षित नाही. मग भांडणाची तीन कारणं उरतात: एकाच वस्तूसाठी स्पर्धा, एकमेकांचा अविश्वास आणि मानाची हाव. यातलं दुसरं कारण फार खोल आहे. मला तुमचं काही नको असलं, तरी तुम्ही माझ्यावर हल्ला कराल या भयाने मी आधी हल्ला करू शकतो. इथे दोघांपैकी एकही दुष्ट असायची गरज नाही. वरती दोघांना धाक घालणारं कोणी नाही, एवढं पुरतं.

ज्याला हे पटत नाही त्याला हॉब्ज त्याच्याच घराकडे बोट दाखवून विचारतो: प्रवासाला निघताना शस्त्र का घेतोस? रात्री दाराला कुलूप का लावतोस? घरातल्या पेट्यांनाही का लावतोस? कायदे आहेत, अंमलदार आहेत, तरी तू असं वागतोस. मग शेजाऱ्यांबद्दल, नोकरांबद्दल, स्वतःच्या मुलांबद्दल तुझं मत काय आहे? माणसाच्या स्वभावावर मी शब्दांनी आरोप करतो, तू कृतीने करतोस, इतकंच. सबंध ग्रंथात यापेक्षा बिनतोड परिच्छेद मला आढळला नाही.

यातून सुटका म्हणून सगळे आपापसांत करार करतात आणि एका सार्वभौमाला अधिकार देतात. सार्वभौम स्वतः त्या करारात सामील नसतो, त्यामुळे तो करार मोडला असं त्याला म्हणता येत नाही. माझ्या मते हॉब्जची इमारत इथेच खचते. लोभ, संशय आणि मानाची हाव सगळ्या माणसांत आहे असं सांगून झाल्यावर, ज्याच्या हाती सगळ्यांत जास्त ताकद दिली त्यालाच तो या रोगातून मोकळा धरतो. मोकळा नाही, तरी यादवीपेक्षा तोही परवडला, असं त्याचं उत्तर असेल. ज्याने यादवी पाहिली त्याचं ते उत्तर हलकं मानू नये.

मग हॉब्जच्या विचारावर एखादं राज्य उभं राहिलं का?

त्याच्या नावाने नाही. राजाच्या पक्षालाही तो नकोसा होता, कारण त्याने राजाची सत्ता देवाकडून न आणता प्रजेच्या संमतीतून आणली होती. शिवाय जो संरक्षण देईल त्याचीच आज्ञा पाळावी, असं म्हटल्यावर राजाविरुद्ध लढून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचीही आज्ञा पाळावी लागते! १६६६ मध्ये लंडन जळाल्यानंतर नास्तिकतेविरुद्धचं विधेयक संसदेत आलं, त्यात ‘लेव्हायथन’चा उल्लेख होता. १६८३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याची पुस्तकं जाळली.

टिकलं ते वेगळंच. राज्य ही राजाच्या देहापासून निराळी, माणसांनी घडवलेली कृत्रिम व्यक्ती आहे आणि तिची वैधता प्रजेच्या संमतीत आहे, हे त्याने असं मांडलं की विरोधकांनाही त्याच भाषेत बोलावं लागलं.

लॉकने हॉब्जचं नेमकं काय नाकारलं?

निसर्गावस्थेतही, म्हणजे वर कोणतंही सरकार नसतानाही, माणसाला विवेक असतो, दुसऱ्याचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांना हात लावू नये हे त्याला कळतं, असं जॉन लॉक म्हणतो. मग सरकार हवंच कशाला? इथे लॉक स्वभावातल्या एका साध्या दोषावर बोट ठेवतो: स्वतःच्या भांडणात न्याय करताना माणूस स्वतःकडे झुकतो. त्यामुळे सर्वांना ठाऊक असलेला कायदा, निःपक्ष न्यायाधीश आणि निकाल अमलात आणणारी ताकद, या तीन गोष्टींची उणीव भासते. सरकार ती भरून काढतं.

याच दोषाच्या आधाराने तो अनियंत्रित राजेशाही उलथवून टाकतो. ज्याच्याविरुद्ध दाद मागायला जागाच नाही असा राजा कायम स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश असतो. म्हणजे प्रजेच्या दृष्टीने तो अजून निसर्गावस्थेतच आहे, फक्त त्याच्या हाती सैन्य आहे. कोल्ह्यांचा उपद्रव टाळायचा आणि सिंहाने खाल्लं तर त्यालाच सुरक्षितता म्हणायचं, इतकी माणसं मूर्ख आहेत का, असा लॉकचा सवाल आहे. नाव न घेता हॉब्जला दिलेलं हे उत्तर आहे, असं बहुतेक वाचक मानतात.

यातून संस्थांविषयीचे ठोस निष्कर्ष निघतात. कायदे करणारांच्याच हाती अंमलबजावणी देऊ नये, कारण सत्ता बळकावण्याचा मोह मानवी दुबळेपणाला आवरत नाही. संमतीशिवाय कर घेऊ नये. सत्ता ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. विश्वासघात झाला तर ती लोकांकडे परत येते. असं म्हटल्याने रोज बंडं होतील, या आक्षेपालाही तो स्वभावाच्याच आधारे उत्तर देतो: लोक जुन्या व्यवस्थेला चिकटून राहतात, पुष्कळ सोसतात, अत्याचारांची लांबलचक मालिका एकाच दिशेने जाताना दिसली तरच उठतात. हीच शब्दरचना १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जेफर्सनच्या लेखणीतून उतरली.

इंग्लंडमधली १६८८ ची क्रांती लॉकच्या पुस्तकामुळे झाली ना?

दुसऱ्या जेम्स राजाला गादी सोडावी लागली ती ही क्रांती. पण नाही, क्रम उलटा आहे. शासनावरचे त्याचे दोन प्रबंध मुख्यतः १६८० च्या आसपास लिहिले गेले. तेव्हा तो शाफ्ट्सबरी या सरदाराच्या राजविरोधी गोटात होता. १६८३ मध्ये त्याला हॉलंडला पळावं लागलं. पुस्तक बाहेर आलं ते क्रांतीनंतर, १६८९ च्या अखेरीस, तेही निनावी. आपण लेखक असल्याची कबुली त्याने मृत्युपत्रात दिली.

कल्पना मात्र हवेत होत्या. राजा आणि प्रजा यांच्यातला मूळ करार दुसऱ्या जेम्सने मोडला, असा ठराव कॉमन्स सभागृहाने जानेवारी १६८९ मध्ये केला. त्याच वर्षीच्या हक्कांच्या कायद्याने संसदेच्या संमतीविना कायदे स्थगित करणं, कर घेणं आणि शांततेच्या काळात खडं सैन्य बाळगणं बेकायदा ठरवलं. १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांची नोकरी राजाच्या मर्जीवरून काढून सद्वर्तनावर ठेवली.

माँतेस्क्यूचं सत्ताविभाजन स्वभावाशी कसं जोडलेलं आहे?

अगदी थेट. ज्याच्या हाती सत्ता येते तो तिचा गैरवापर करायला प्रवृत्त होतो आणि मर्यादा आडवी येईपर्यंत पुढे जात राहतो, हा कायमचा अनुभव आहे, असं हा फ्रेंच विचारवंत १७४८ च्या ‘कायद्यांचे मर्म’ या अर्थाच्या ग्रंथात लिहितो. सद्गुणालादेखील मर्यादा लागते, अशी पुस्तीही तो जोडतो. मला हे पुस्तीचं वाक्य अधिक महत्त्वाचं वाटतं. वाईट राजाला आवरायला हवं हे कोणीही मान्य करेल. चांगल्यालाही आवरायला हवं, हे म्हणायला धैर्य लागतं. उपाय एकच: सत्तेनेच सत्तेला थोपवेल अशी मांडणी करायची. स्वतः बोर्दोच्या न्यायालयात अध्यक्षपद सांभाळलेला हा माणूस न्यायसत्ता वेगळी ठेवण्याबद्दल आग्रही असावा, हे स्वाभाविकच.

इंग्लंडचं त्याने केलेलं वर्णन काटेकोर नव्हतं. तिथले मंत्री संसदेतच बसत होते. तरी अमेरिकेतल्या घटनाकारांनी तेच वर्णन आराखडा म्हणून वापरलं.

आशियाबद्दल मात्र त्याचा तोल गेला. उष्ण हवामानात माणसं भित्री आणि आळशी होतात, म्हणून तिथे भीतीवर चालणारी हुकूमशाहीच टिकते, असं त्याने प्रवासवर्णनांच्या भरवशावर लिहिलं. याला खणखणीत उत्तर दिलं आँकेतील-द्यूपेराँ या फ्रेंच माणसानेच. तो १७५५ ते १७६१ हिंदुस्थानात होता, मराठ्यांच्या मुलखातून हिंडला, वेरूळची लेणी त्याने पाहिली. १७७८ मध्ये त्याने पुस्तक लिहून दाखवलं की तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानात कायदा होता, करार होते, प्रजेची खासगी मालमत्ता होती. ते पुस्तक माँतेस्क्यूइतकं वाचलं गेलं असतं, तर पुढच्या काळातलं बरंच अज्ञान टळलं असतं.

रूसोला माणूस चांगला वाटत होता, मग त्याच्या नावावर दहशत कशी माजली?

१७५५ च्या विषमतेवरच्या निबंधात रूसो म्हणतो की मूळ माणसात दोनच प्रेरणा होत्या: स्वतःचा जीव जपणं आणि दुसऱ्याचं दुःख पाहून कळवळणं. समाजात आल्यावर तो स्वतःला इतरांच्या नजरेने पाहू लागला. तुलना आली, मालमत्ता आली, श्रीमंतांनी आपली लूट राखायला कायदे केले. हॉब्जने वर्णन केलेला माणूस खरा आहे, पण तो निसर्गाने घडवलेला नसून समाजाने बिघडवलेला आहे. ‘निसर्गाकडे परत चला’ असं मात्र रूसो सांगत नाही. मागे जाणं अशक्य आहे हे तो स्पष्टच म्हणतो.

म्हणून १७६२ च्या ‘सामाजिक करार’ मध्ये तो दुसरा मार्ग शोधतो. माणसाला संस्थांनी बिघडवलं असेल, तर नव्या संस्था त्याला घडवूही शकतील. सगळे नागरिक मिळून सार्वभौम. कायदा म्हणजे त्यांची सामूहिक इच्छा. प्रतिनिधी निवडून मोकळं होणं त्याला मान्य नाही. इंग्रज फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र असतात, नंतर गुलाम, असं तो म्हणतो. सरकार नावाची संस्था कधी ना कधी लोकांची सत्ता गिळायला निघते, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यावर त्याने सुचवलं की ठरावीक काळाने भरणाऱ्या सगळ्या नागरिकांच्या सभेपुढे दोन प्रश्न ठेवावेत: ही शासनपद्धती चालू ठेवायची का, आणि आत्ता कारभार पाहणाऱ्यांकडेच तो ठेवायचा का?

रूसो १७७८ मध्ये वारला. कायदा ही सामूहिक इच्छेची अभिव्यक्ती आहे, हे त्याचं वाक्य फ्रेंच राज्यक्रांतीतल्या ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या सहाव्या कलमात आलं. त्याच जाहीरनाम्याच्या १६व्या कलमात माँतेस्क्यू आहे: जिथे सत्ताविभाजन नाही तिथे घटना नाही. १७९३-९४ मध्ये, क्रांतीच्या दहशतीच्या काळात, सत्तेवर असलेल्या रोबेस्पिएर आणि त्याच्या साथीदारांनी सहावं कलम धरलं आणि १६वं सोडलं. रूसो गिलोटिनचा, म्हणजे त्या शिरच्छेदाच्या यंत्राचा, शिल्पकार होता, असं मी म्हणणार नाही. पण सामूहिक इच्छा कधीच चुकत नाही, आणि ती न पाळणाऱ्याला ‘स्वतंत्र व्हायला भाग पाडावं’, हे त्याचेच शब्द आहेत. ती इच्छा काय आहे हे सांगणारा माणूसही लोभी आणि घमेंडी असू शकतो, याचा बंदोबस्त त्याने पुरेसा केला नाही.

अमेरिकेच्या घटनेत यातलं नेमकं काय उतरलं?

१७८७ च्या उन्हाळ्यात घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींपुढे ही सगळी पुस्तकं होती. जेम्स मॅडिसनची तयारी सर्वांत पक्की होती. फेब्रुवारी १७८८ मध्ये, या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या ५१व्या लेखात, त्याने लिहिलं की माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं, आणि देवदूत माणसांवर राज्य करत असते तर सरकारवर बंधनं लागली नसती. हॉब्जने अर्धंच म्हटलेलं वाक्य इथे पुरं होतं.

मार्ग असा की प्रत्येक पदाला स्वतःचा अधिकार जपण्यात रस असावा, म्हणजे एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला रोखेल. प्रतिनिधी दोन वर्षांसाठी, अध्यक्ष चार, सेनेटर सहा. तिघांची निवड वेगवेगळ्या वाटांनी. अध्यक्षाला नकाराधिकार, पण दोन्ही सभागृहांच्या दोनतृतीयांश मतांनी तो मोडता येतो. न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर.

यामागे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम उभा आहे. राज्यपद्धती आखताना प्रत्येक माणूस लबाड आहे असं धरावं, हे सूत्र त्याने १७४१ मध्ये उचलून धरलं आणि लगेच एक विलक्षण गोष्ट नोंदवली: हे विधान प्रत्यक्षात खोटं आहे, तरी राजकारणात खरं आहे. एकटा माणूस अब्रूला भितो. गटात गेला की गटाची शाबासकी मिळते आणि लाज गळून पडते. मॅडिसनने १०व्या लेखात गटबाजीची बीजं माणसाच्या स्वभावातच आहेत असं म्हटलं ते याच वळणाचं. गट नष्ट करायचे तर स्वातंत्र्य नष्ट करावं लागेल. म्हणून देश इतका मोठा असावा की एकच गट सगळीकडे वरचढ होऊ नये. प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकतं, हे माँतेस्क्यूचं मत इथे उलटवलं गेलं. त्याची वाटही ह्यूमने १७५२ मध्येच दाखवून ठेवली होती.

इतकं वाचून मॅडिसन माणूसद्वेष्टा वाटतो. त्याने ५५व्या लेखात मात्र बजावलंय की माणसात अविश्वास ठेवावा असं पुष्कळ आहे, तसंच विश्वास ठेवावा असंही आहे, आणि इतर कोणत्याही पद्धतीपेक्षा प्रजासत्ताकाला या दुसऱ्या गुणाची गरज जास्त असते.

यांच्या ‘माणसात’ स्त्रिया आणि गुलाम होते का?

बहुतेक वेळा नव्हते, आणि ही दुर्लक्षाने राहिलेली त्रुटी मानता येत नाही. समकालीनांनी ती तोंडावर दाखवून दिली होती. मेरी ॲस्टेलने १७०६ मध्येच विचारलं: सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र, तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? राजाची निरंकुश सत्ता राज्यात नको, तर घरात का चालते? रूसोने शिक्षणावरच्या ‘एमिल’ या पुस्तकात मुलीचं शिक्षण पुरुषाला सुखावण्यासाठी असावं असं लिहिलं, त्याचा समाचार मेरी वोलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये घेतला. ओलँप द गूजने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी तिला गिलोटिनवर चढवलं.

गुलामगिरीची गोष्ट आणखी बोचरी आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे पैसे होते, आणि मालकाला काळ्या गुलामावर निरंकुश अधिकार देणाऱ्या कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या मसुद्याशी त्याचा हात लागलेला होता. मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक होता. त्याच्या घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामाला तीनपंचमांश माणूस मोजलं. निसर्गदत्त हक्कांचा अर्थ पुरता लावला तो सँ-दोमँग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी: १७९१ मध्ये उठाव करून, १८०४ मध्ये हैती स्वतंत्र करून.

तुरुंग आणि शिक्षांवर काही परिणाम झाला का?

झाला, आणि त्या मानाने लवकर. मिलानच्या चेझारे बेकारियाने १७६४ मध्ये लिहिलं की माणूस सुखदुःखाचा हिशेब करतो. म्हणून शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री जास्त धाक घालते. यातना देऊन कबुली घेतली तर धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध फासावर जातो. १७८६ मध्ये टस्कनीने देहान्त शिक्षा रद्द केली.

हे विचार महाराष्ट्रात कसे पोचले?

सर्वांत जिवंत वाट टॉमस पेन या इंग्रजी लेखकाची. समाज आपल्या गरजांतून जन्मतो आणि सरकार आपल्या दुष्टपणातून, असं त्याने १७७६ मध्ये लिहिलं होतं. हक्क जन्मासोबत येतात, कोणा पूर्वजाने ते गहाण टाकले तरी आपण बांधील नाही, असं १७९१ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेन वाचला आणि त्याचा रोख जातिव्यवस्थेकडे वळवला. युरोपात प्रश्न राजाच्या जन्मसिद्ध अधिकाराचा होता, इथे ब्राह्मणाच्या. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. निर्मिकाने, म्हणजे विश्वाच्या निर्मात्याने, सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क दिले, ही ‘सार्वजनिक सत्यधर्म’मधली मांडणी स्त्रियांच्या बाबतीत लॉक आणि रूसो दोघांच्याही पुढे गेलेली आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं. सत्तेवरच्या बंधनांबाबत मात्र त्यांनी युरोपीय अनुभव आपलासा केला. घटनेचं ५०वं कलम न्यायसंस्थेला कार्यकारी सत्तेपासून वेगळं करायला सांगतं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा हवाला देऊन इशारा दिला की माणूस कितीही थोर असला, तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये आणि संस्था उलथवता येतील इतकी सत्ता त्याच्या हाती देऊ नये.